शिक्केकाकांची खुर्ची

विश्वास ठेवा नाहीतर हसण्यावारी न्या. पण यातला एकही शब्द पदरचा नाही. हे आमच्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. मावशी आजही आहे. हवं तर येऊन बघा.

फक्त तिला "बस ना" म्हणू नका.

आणि मध्यरात्र वगैरे काही नव्हती. हिवाळ्यातली लख्ख सकाळ होती. विद्यापीठाच्या उपकेंद्राची दुमजली इमारत. खाली आवक-जावक विभाग, वर मावशीचं ऑफिस.

मावशी तिथे आस्थापना अधिकारी होती. कुठल्या विभागात किती माणसं लागतात, कुणाला ठेवायचं, कुणाला हलवायचं, हे सगळं तिच्या हातात. घर मात्र लांब, मुख्य विद्यापीठाच्या शहरात. तिथे नवरा आणि चार वर्षांची ठमी. मावशी सुट्टीला घरी गेली की ठमी तिच्या मांडीवरून उतरायची नाही. निघताना तिला अक्षरशः ओढून बाजूला करावं लागायचं. बसमध्ये मावशी डोळे पुसत बसायची.

तिला बदली हवी होती. काहीही करून हवी होती.

कुलसचिव म्हणाले, "उपकेंद्रातलं एक पद कमी करून दाखवा. लगेच इकडे घेतो तुम्हाला."

एकच पद. मावशीची नजर शिक्केकाकांवर गेली.

शिक्केकाका म्हणजे आवक-जावकचे म्हातारे कारकून. आलेल्या टपालावर दिवसभर शिक्के मारायचे. गुडघा कामातून गेलेला. खुर्चीत बसताना गुडघा वाजायचा... कट्. मग मोठा सुस्कारा टाकून म्हणायचे, "बसलो बाबा एकदाचा!" अख्खं उपकेंद्र त्यांची नक्कल करायचं.

पण एक मेख होती. कामावर असलेल्या माणसाचं पद रद्द केलं, तर त्याला दुसरीकडे सामावून घ्यावं लागतं. म्हणजे कमी काहीच होत नाही. काका आपणहून गेले, तरच पद जाणार होतं.

मावशीने शक्कल लढवली.

तिथे फर्निचर मंजूर पदाप्रमाणे मिळतं. एका पदाला एक टेबल, एक खुर्ची. पद रद्द झालं की दोन्ही भांडारात जमा. काकांचं पद अजून रद्द झालेलं नव्हतं, नुसता प्रस्ताव गेला होता. तरी मावशीने त्या सकाळी, काका यायच्या आधी, त्यांची खुर्ची भांडारात टाकायला लावली.

काका जिना चढून वर आले. धापा टाकत.

"मॅडम, माझी खुर्ची?"

"पद जातंय काका. खुर्ची पदाची असते, माणसाची नसते."

"ऑर्डर आली?"

"येईल."

"तोवर मी बसू कुठं?"

मावशीने मान वर केली नाही. "मिळेल जागा तिथं बसा."

तिला वाटलं, दोन दिवसांत म्हातारा राजीनामा आणून देईल. पण म्हातारा हट्टी निघाला. टेबलापाशी उभा राहून शिक्के मारत राहिला. शिपायाने दया येऊन एक स्टूल आणून दिलं. मावशीने ते परत पाठवलं. जाता-येता लोक टोमणे मारायचे, "काका, आता म्हणा, उभा राहिलो बाबा एकदाचा!"

मावशीही हसली होती. खूप हसली होती.

एका दुपारी काका रॅकला टेकले... आणि तसेच घसरत खाली आले. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. शेवटी फरशीवर का होईना, बसायला मिळालं. तेवढं वाक्य म्हणायचं मात्र राहून गेलं.

पद आपोआप रिकामं झालं. प्रस्ताव मंजूर झाला. मावशीच्या बदलीचा आदेश आला. तिने सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली. कुलूप तिनेच उघडलं. पर्स ठेवली. खुर्चीत बसली...

खुर्ची गरम होती.

आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

खिडकी बंद होती. ऊन त्या बाजूला येतच नाही. मावशी पाहुण्यांच्या खुर्चीत जाऊन बसली... तीही गरम.

तिने शिपायाला हाक मारली. "माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं रे?"

"तुमच्या खुर्चीत बसायची कुणाची टाप आहे मॅडम?"

त्या दिवशी तिने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बसायला वाकली, आणि अगदी खालून, जवळून आवाज आला...

कट्.

मागून काहीतरी हाडकुळं तिला टोचलं. मावशी किंचाळून उठली. वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. पण रेक्झिनच्या गादीला खळगा पडलेला होता. तिच्या डोळ्यांसमोर तो भरून यायला हवा होता. आला नाही.

त्यानंतर ती बसू शकलेली नाही.

खुर्ची नाही, पलंग नाही, जमीनसुद्धा नाही. टेकायला गेली की कट्... आणि ती जागा तिच्या आधी कुणीतरी घेतलेली. झोपता यायचं. चालता यायचं. फक्त बसता यायचं नाही. घरी जाणाऱ्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी असून ती दांड्याला धरून उभी राहिली.

दारात ठमी वाट बघत होती.

"आई आली! आई, मांडी!"

मावशी सोफ्यावर बसायला गेली... आणि चटका बसल्यासारखी उठली.

"माझी पाठ दुखतेय राणी. उद्या घेते हं."

तो उद्या काही उजाडला नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. पाठीत काही सापडलं नाही. मावशी उभ्याने जेवायची. मुख्य विद्यापीठात उभ्याने काम करायची आणि तिथले कारकून तिच्या मागे हसायचे. ठमी रोज मांडी मागायची, रोज रडायची. नवरा वैतागून म्हणाला, "पोरीसाठी एवढा आटापिटा करून आलीस ना? मग दोन मिनिटं घे की तिला जवळ!"

मावशीने कडेवर घेतलं तर ठमी अंग टाकून द्यायची. तिला मांडीच हवी होती.

मग एक दिवस ठमीने मागणं बंद केलं.

मावशीला आधी बरं वाटलं. नंतर भीती वाटली.

त्या संध्याकाळी ती ऑफिसातून आली, तर ठमी खिडकीजवळच्या खुर्चीत होती. चित्रांचं पुस्तक घेऊन, मस्त मागे रेलून, पाय हलवत.

मावशीने नीट पाहिलं...

ठमी आणि खुर्ची यांच्यामध्ये वीतभर अंतर होतं.

फ्रॉकची झालर हवेत लोंबत होती.

"ठमे! उतर आधी खाली!"

"नाही."

"उतर म्हणते ना!" मावशीने तिचा हात ओढला. ठमी जागची हलली नाही. कुणीतरी पोटाशी घट्ट धरून ठेवल्यासारखी.

"सोड ना आई! तू नाही घेत मांडीवर. हे घेतात."

"कोण... कोण घेतं?"

"हेच की. यांचा गुडघा दुखतो," ठमी पान उलटत म्हणाली. "तरी घेतात."

मावशी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. रात्री नवरा आला तेव्हाही तशीच उभी होती.

ती खुर्ची त्यांनी देऊन टाकली. काही उपयोग झाला नाही. ठमीला कुठलीही खुर्ची चालते.

परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. ठमी आता शाळेत जाते. चांगली हसरी आहे. आईकडे मात्र फिरकत नाही. मावशी भिंतीपाशी उभी होती, पाय सुजलेले. आम्ही निघालो, चपला घालत होतो. ठमी पुस्तक घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर चढली.

कट्.

ठमीने मोठा सुस्कारा टाकला.

"बसले बाबा एकदाची!"

तिला हे वाक्य कुणी शिकवलं, ते आम्ही विचारलं नाही. मावशीकडे बघायचीही हिंमत झाली नाही.