दाजी, दार लावू नका

चैत्र सरत आला होता. येरमाळ्याची यात्रा उरकली होती, तरी रस्त्याच्या कडेला खेळण्यांची, बांगड्यांची काही दुकानं अजून उभी होती. एसटीच्या खिडकीतून इरशाद ती बघत होता. सकाळीच कळंबहून निघालेला, धाराशिवला गाडी बदलायची आणि लोहाऱ्याला उतरून पुढं माकणी गाठायची. काम साधंच होतं. माकणीच्या एका बाईला त्याला भेटायचं होतं.

इरशाद म्हणजे कळंबच्या मुनवर गादीवाल्यांचा थोरला. नट व्हायचं म्हणून घरच्यांशी भांडून मुंबईला गेला, त्याला आता तिसरं वर्ष चालू होतं. मालाडच्या एका खोलीत पोरांच्या गर्दीत अंग चोरून झोपायचं, सकाळी उठून इस्त्रीचा एकुलता एक शर्ट घालायचा आणि ऑडिशनच्या रांगेत उभं राहायचं. तिथं कुणी म्हणायचं भाषा गावठी आहे, कुणी म्हणायचं चेहरा चालतोय, पण नाव बदलशील का? एकानं तर त्याचा फोटो त्याच्यासमोर चुरगाळून त्यात पानाची पिंक टाकली होती. इरशाद हसला होता तेव्हा. तिथं हसावंच लागतं. तो राग मात्र कुठं जात नव्हता. छातीत साचून राहायचा, धुमसायचा.

मिळायचं ते मरायचं काम. गुन्ह्यांच्या मालिका असतात ना, त्यात पहिल्या जाहिरातीच्या आत ज्याचा खून होतो, तो माणूस म्हणजे इरशाद. कळंबच्या चहाच्या टपरीवर पोरं विचारायची, "काय हिरो, ह्या खेपेला कसा मेलास?" आणि आई, फातिमाबी, टीव्ही बंद करून म्हणायची, "बेटा, जित्या माणसाचं काम देत न्हाय का रे तुला कुणी?"

शेवटचा भाग माकणीतल्याच एका खऱ्या खुनावर होता. सोमेश नावाचा तरुण शेतकरी. धरणाच्या पाण्याकाठी त्याचं रान होतं. रानातल्या मोटारीच्या खोलीत तो मेलेला सापडला होता. तांब्याची केबल चोरणाऱ्यांनी डोक्यात घाव घातला आणि तो जागच्या जागी गेला, असं सगळ्यांनी धरलं. चोर कधी सापडलेच नाहीत. मालिकेत नावगाव बदललं होतं, बाकी सगळं तेच.

मीरा रोडच्या एका गोडाऊनमध्ये शूटिंग झालं. तोंडं बांधलेले चोर इरशादला मारत होते आणि डायरेक्टर ओरडत होता, "अजून रड! हात जोड! पाया पड त्यांच्या! लोकांच्या पोटात कालवलं पाहिजे!" इरशाद पाया पडला. पुन्हा पुन्हा पडला. गुडघे सोलून निघाले. शेवटच्या खेपेला चोरानं दार ओढलं आणि इरशादच्या तोंडून एक वाक्य गेलं.

"दाजी, दार लावू नका."

कागदावर असलं काही लिहिलेलं नव्हतं. डायरेक्टर मात्र खूश झाला. "हे कुठून काढलंस? राहू दे, राहू दे." हे आपण बोललो हेच इरशादला आठवत नव्हतं. आणि त्यांच्या घरात बहिणीच्या नवऱ्याला दुल्हेभाई म्हणत. 'दाजी' हा शब्द त्याच्या जिभेवर कधी बसलेलाच नव्हता.

भाग टीव्हीवर लागला. मग एक दिवस फोन आला. सोमेशच्या आईला तुम्हाला भेटायचंय, एकदा येऊन जा.

लोहाऱ्याच्या स्टँडवर फोन करणारा माणूसच मोटारसायकल घेऊन उभा होता. पांढरा धुवट शर्ट, तोंडात गोड सुपारी, बोलणं अदबीचं.

"या, या. म्या बब्रुवान. सोमेश माझा मेव्हणा. लई भारी मेलात हो तुम्ही. आमच्या घरात बाया तर रडून रडून…"

इरशाद मागं बसला. मेव्हणा. म्हणजे हा सोमेशचा दाजी.

दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं उन्हात उलून पडली होती. मग गाडीचा वेग कमी झाला.

"ते वाक्य हाय ना तुमचं… दाराचं. ते कुणी लिवलं व्हतं?"

"कुणी न्हाय. आलं तोंडात."

"असं कसं येईल?"

"आलं."

बब्रुवाननं सुपारी थुंकली. "हे बघा, सासूबाई म्हातारं माणूस. कायबी डोक्यात घेऊन बसत्यात. इचारलं तर सांगा, लिवलेलंच व्हतं म्हणून. एवढं म्हणा आन् निघा. तुमच्या येण्याजाण्याचं समदं म्या बघतो."

इरशादच्या कानशिलात रक्त चढलं. इथंही एक डायरेक्टर निघाला. काय बोलायचं, कसं बोलायचं, हे सांगणारा.

हरणाबाई ओसरीवरच उभ्या होत्या. उंच, वाळक्या, कपाळ मोकळं. त्यांच्यामागं दाराला धरून त्यांची लेक सृष्टी उभी होती, बब्रुवानची बायको. हरणाबाईंनी तांब्या पुढं केला. इरशाद पाणी प्यायला.

"झालं पिऊन?"

"व्हय, मावशी."

तांब्या त्याच्या हातातून घेऊन त्यांनी खाली ठेवला आणि सणसणीत एक कानाखाली वाजवली.

"माझ्या लेकाला पाया पडायला लावलंस. साऱ्या दुनियेसमोर. अरं, तो बापाच्यासुदीक कधी पाया पडला न्हाय, एवढं अकडू पोरगं माझं!"

सृष्टी पुढं आली. बब्रुवान म्हणाला, "आवं सासूबाई, पाव्हणा हाय…" पण इरशाद तोवर पेटला होता. तीन वर्षं गिळलेलं सगळं त्या एका चापटीनं वर आलं.

"मारा, मावशी! आणखी मारा! मला हौस हाय का पाया पडायची? म्या न्हाय पडलो तर दुसरं पोरगं हाय रांगेत, ते पडतंय! तिथं माणूस म्हणून बघतं का कुणी आम्हाला? मर म्हणलं की मरायचं, ऊठ म्हणलं की उठायचं!"

हरणाबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग आवाज खाली आला. "मग दाजी म्हणायला कुणी सांगितलं?"

बब्रुवान इरशादकडं टक लावून बघत होता.

"कुणी न्हाय सांगितलं," इरशाद म्हणाला. "लिवलेलं नव्हतं. म्या बोललो हेच मला ठावं न्हाय."

हरणाबाईंनी पायात वहाणा सरकवल्या. "चल. मोटारीच्या खोलीत चल. तिथं करून दाखव."

"उनाचं कुठं जाता?" बब्रुवान घाईघाईनं म्हणाला. "तिथं काय राह्यलंय आता?"

"तुम्हीबी चला, जावाई," हरणाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्याबिगर कसं व्हईल?"

धरणाचं पाणी पार आत ओसरलं होतं. उघड्या पडलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या आणि त्यातून कुजल्या शेवाळाचा वास येत होता. एकही पाखरू ओरडत नव्हतं. सोमेश गेल्यापासून रान पडीकच होतं. मधोमध ती खोली. सिमेंटच्या विटांची, वर पत्रा, पुढं पत्र्याचं दार, त्याला बाहेरून कडी. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि दाराच्या चौकटीत मात्र गच्च काळोख.

इरशाद वाकून आत शिरला. जळक्या वायरीचा, शिळ्या तेलाचा, ओल्या लोखंडाचा वास होता. तापलेला पत्रा वर टिकटिक वाजत होता. मोटार केव्हाच काढून नेलेली होती. खाली नुसता चौथरा. हरणाबाई बाहेर एका दगडावर बसल्या. सृष्टी बाभळीखाली थांबली. बब्रुवान दारातच उभा राहिला. त्याची सावली लांबट होऊन आत पडली होती.

"कर सुरू," हरणाबाई म्हणाल्या.

सेटवर पडला होता तसा इरशाद जमिनीवर पडला. एकदा ते वाक्य म्हणायचं आणि सुटायचं, असं त्यानं ठरवलं. पण हात जोडायचे नाहीत. मेलो तरी जोडायचे नाहीत.

त्यानं तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. आणि तेवढ्यात त्याला कळलं की खोलीत कुणीतरी श्वास घेतंय. चौथऱ्याच्या पलीकडं, कोपऱ्यात. ओला, घरघरता श्वास… थांबत थांबत येणारा. डोक्याला मार बसलेला माणूस कसा श्वास घेतो, हे इरशादनं आरशासमोर कितीदा तरी करून बघितलं होतं. त्याला ते असं कधीच जमलं नव्हतं.

"दाजी…"

आवाज कोपऱ्यातून आला. त्यात विनवणी नव्हती. दात आवळून बोलल्यासारखा, रागानं तापलेला आवाज होता तो.

"दाजी… आत या की. आता का भ्याला? तवा भ्याला न्हाईत."

दारातली सावली हलली. इरशादला बब्रुवानचा चेहरा क्षणभर दिसला. तोंड उघडं, डोळे कोपऱ्यावर नव्हे, जमिनीवर पडलेल्या इरशादवर खिळलेले. पुढच्या क्षणी दार धाडकन बंद झालं. बाहेरून कडी पडली. सवयीचा हात जसा जातो ना, तशी, न चाचपडता.

आत मिट्ट अंधार झाला. फक्त दाराखाली उन्हाची एक बारीक रेघ राहिली.

आणि दार वाजायला लागलं. आतून. मुठींनी, धडाधड, सगळा पत्रा हादरेल असं. इरशाद भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात छातीशी घेऊन बसला होता. त्याची नजर त्या उन्हाच्या रेघेवर होती. दारापाशी कुणी उभं असतं तर त्याच्या पायांनी ती रेघ तुटली असती. रेघ अखंड होती.

बाहेर बब्रुवान किंचाळत होता. "गप! गप ऱ्हा! तवाबी असंच… रातभर बडवत व्हतास! पहाट झाली तरी मरंना… मर की! मर की रं एकदाचा!"

दार वाजायचं थांबलं.

सगळ्या गावाला वाटत होतं, सोमेश पहिल्या घावालाच गेला. तो रात्रभर जिवंत होता, दार बडवत होता, हे दाराला पाठ लावून उभा राहिलेल्या माणसाखेरीज कुणाला ठाऊक असणार?

"तू…" बाहेरून हरणाबाईंचा आवाज आला. लेकीच्या लग्नापासून जावयाला त्यांनी कधी एकेरी हाक मारली नव्हती. "तू व्हतास. तेराव्याला माझ्या शेजारी बसून जेवलास… तू!"

झटापट झाली. काहीतरी पत्र्यावर आदळलं. कडी निघाली. सृष्टीनं नवऱ्याला ढकलून दार उघडलं होतं. इरशाद रांगत उन्हात आला. हरणाबाईंनी बब्रुवानच्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठींत धरली होती आणि तो गडी माणूस त्या म्हातारीच्या हातात लटपटत होता. ओरडा ऐकून शेजारच्या रानातली माणसं पळत येत होती. त्यांनी त्याला बांधावर बसवून ठेवलं, पोलीस येईपर्यंत. सृष्टी बाभळीखाली परत गेली नाही. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि एकच प्रश्न विचारत राहिली.

"रानासाठी? आवं, रानासाठी?"

बब्रुवाननं पोलिसांना सगळं सांगितलं. पाण्याकाठचं रान त्याला विकायला काढायचं होतं, सोमेश आडवा आला होता. केबल त्यानंच कापून नेली, चोरांवर जावं म्हणून.

निघताना हरणाबाई इरशादजवळ आल्या. ज्या गालावर मारलं होतं त्यावरून त्यांनी हात फिरवला.

"त्याचाच आवाज काढलास बाबा. हुबेहूब."

"मावशी," इरशाद म्हणाला, "खुदा कसम, माझ्या तोंडून आवाजच निघाला न्हाय."

हरणाबाई खोलीच्या काळ्या चौकटीकडं बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

इरशाद मुंबईला परतला. त्या मालिकेवाल्यांनी पुन्हा बोलावलं, पाया पडायचा सीन होता. त्यानं तोंडावर नाही म्हणून सांगितलं. डायरेक्टर म्हणाला, तुझ्यासारखी पन्नास पोरं खाली उभी आहेत. इरशाद म्हणाला, मग त्यांना पाडा. त्यानंतर काम यायचं बंद झालं. खोलीतली पोरं गावी गेली होती. तो एकटाच पडून असायचा. कुणाशी बोलणं नाही, कुणाला काही सांगणं नाही. घरी फोन केला की सगळं बरं चाललंय म्हणायचं.

एका दुपारी फोन वाजला. हरणाबाई होत्या. हाक नाही, विचारपूस नाही. आवाज रागानं थरथरत होता.

"काल सकाळधरनं पोटात काय न्हाय म्हणं?"

इरशाद उठून बसला. खरंच नव्हतं. "तुम्हाला… कुणी सांगितलं, मावशी?"

हरणाबाई एकदम उसळल्या.

"तुला ऱ्हायचं तर ऱ्हा उपाशी! तुझ्यासंगं माझ्या लेकराला कशाला ठेवतोस रं?"