दाराशी ठेवलेलं ताट

परवा एका ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं. 'लांबच्या क्रूझला चाललोय. जास्तीचे पैसे भरले की जेवण केबिनमध्ये आणून देतात म्हणे. घ्यावं का? परवडतं का?'

खाली शंभरेक उत्तरं. कोणी म्हणे डोळे झाकून घ्या, कोणी म्हणे पैसे पाण्यात.

मी काहीच लिहिलं नाही. मला जे माहीत आहे ते तिथं लिहिण्यासारखं नव्हतं.

ते इथं लिहितेय. खरं आहे, पण शपथा घेत बसणार नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, आत्ता शेजारच्या खोलीत बसल्या आहेत.

तारीख १६ फेब्रुवारी २०२३, गुरुवार. वेळ दुपारी एकची. असल्या गोष्टींना अमावास्येची रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही वेळ लक्षात ठेवावी.

पण आधी पुंडलिकनगरातलं आमचं घर सांगते.

घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. दाराला हिरवा ऑइलपेंट, वर पडदा. तिथं माझ्या आजेसासू, भागूबाई, राहायच्या. सगळा जन्म पाचोडच्या शेतात गेलेला, म्हातारपणी लेकानं शहरात आणलं. लेक म्हणजे माझे सासरे, नानासाहेब.

भागूबाईंचे हात थरथरायचे. वरण भातावर कमी आणि लुगड्यावर जास्त. पाहुण्यांसमोर सासूबाईंना लाज वाटायची. मग त्यांनी तोडगा काढला. ताट खोलीच्या दाराशी ठेवायचं, दोनदा टकटक करायची आणि म्हणायचं...

"ठेवलंय हो दाराशी."

म्हातारी दार उघडून ताट आत ओढून घ्यायची. नानासाहेब हे रोज बघायचे आणि मूग गिळून गप्प बसायचे. पुरुषांना घरात शांतता हवी असते. ती कुणाच्या जिवावर मिळते, हे बघायचं नसतं.

पुढं म्हातारी घरातून निघून जायला लागली. एकदा मुकुंदवाडीच्या स्टेशनावर सापडली, पाचोडची गाडी किती वाजता म्हणून विचारत होती. पाचोडला रेल्वे आहे कुठं! त्या दिवसापासून हिरव्या दाराला बाहेरून कडी आली. जेवायच्या वेळी काढायची, नंतर लावायची. हे काम नानांचं.

२०२० साली पाचोडला लग्न निघालं. सकाळी नुसती धावपळ. शेजारच्या चतुराबाईंना सांगितलं, म्हातारीचं ताट तेवढं दाराशी ठेवा, संध्याकाळी येतोच.

लग्नघरच ते. एका दिवसाचे तीन दिवस झाले.

चतुराबाई दोन्ही वेळा इमानानं आल्या. टकटक केली, हाक मारली, ताट ठेवलं. कालचं ताट तसंच दिसलं तर त्यांना वाटलं, म्हातारी रुसली असेल. आतूनही टकटक यायची... तिकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. कडी पडद्यामागं होती. ती कोणी बघितलीच नाही.

सासू-सासरे परत आले तेव्हा दाराशी पाच ताटं होती. भरलेली.

आणि कडी लागलेली.

म्हातारी दाराला पाठ लावून बसलेली होती. डॉक्टरांनी वयोमान लिहून दिलं. गल्लीतही कोणी जास्त विचारलं नाही.

नानांनी मात्र त्या रात्री विचारलं, "कडी कोणी लावली?"

सासूबाई म्हणाल्या, "तुम्हीच लावली असंल. रोज तुम्हीच लावता की."

नाना आठवायला बसले. आठवेना. माणूस रोज जे करतो ते त्याला कुठं आठवतं? शेवटी त्यांनी मान खाली घातली आणि ते पाप आपल्या नावावर घेतलं.

दहाव्याला पैठणला पिंडाला कावळा शिवेना. दोन तास गेले. भावकीनं तऱ्हेतऱ्हेची वचनं देऊन बघितली. शेवटी नानासाहेब हात जोडून म्हणाले, "माय, इथून पुढं आमच्या आधी तुझं ताट. रोज. तुझ्या दाराशी."

कावळा तेव्हा आला.

तीन वर्षं ते ताट चुकलं नाही. आधी हिरव्या दाराशी नैवेद्य, मग घरची पंगत.

मग आली क्रूझ. आम्हीच दिली भेट, मी आणि माझे यजमान बद्रीनाथ यांनी. तेव्हा आम्ही पुण्याला होतो. सिंगापूरहून निघायचं, चौदा दिवस समुद्रात. जालना रोडवरच्या टूरवाल्यानं दोन प्रकार सांगितले. साध्या तिकिटात मोठ्या हॉलमध्ये आठ जणांच्या टेबलावर जेवण. जास्तीचे भरले तर बाल्कनीची केबिन, आणि तिन्ही वेळचं जेवण दाराशी.

सासूबाई नको म्हणत होत्या. "चौदा दिवस आपण दोघंच एकमेकांची तोंडं बघत जेवायचं व्हय? चार मान्सांत बसू, वळखी व्हतील. त्या जास्तीच्या पैशात पोरासाठी कायतरी घिऊ."

"मला नाय जमणार लोकांत."

"का?"

नानांनी पाण्याचा पेला उचलून दाखवला. पाणी हिंदकळून शर्टावर सांडलं. सहा महिने ते हात लपवत होते.

"हे बघ," ते म्हणाले. "मायसारखं झालंय माझं. परक्या लोकांपुढं सांडू का वरण?"

सासूबाईंनी पदरानं शर्ट टिपला. जास्तीचे पैसे भरले.

निघताना प्रश्न आला ताटाचा. नाना म्हणाले, "जहाजावर कुठं ताट ठिवायचं? लोक हसतील. आल्यावर गोडाधोडाचं करू."

बास. चूक म्हणाल तर ही. कावळ्याला दिलेला शब्द चौदा दिवसांसाठी बाजूला ठेवता येतो, असं त्यांना वाटलं.

पहिला दिवस छान गेला. केबिनचा वाढपी मालवणचा निघाला, मराठी बोलायचा. बेल वाजवायचा, हसायचा, ताटं मांडून द्यायचा. सासूबाईंनी आम्हाला फोटोसुद्धा पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली नाही.

टक... टक.

सासूबाईंनी दार उघडलं. लांबच्या लांब पॅसेज. कोणी नाही. खाली ट्रे, त्यावर झाकलेली दोन ताटं.

त्यांच्या ताटात पुलाव, पनीर, गुलाबजाम. नानांचं झाकण काढलं...

ताट रिकामं होतं. धुतलेलं नव्हे, पुसलेलं. बोटांनी निपटून खाल्ल्यावर ताटात ज्या रेघा राहतात, त्या होत्या.

वाढप्याला बोलावलं. तो बिचारा कानावर हात ठेवायला लागला. "काका, भरून आणलं होतं मी. आजी म्हणाल्या, दाराशीच ठेव. म्हणून ठेवलं."

"कुठली आजी?" सासूबाईंनी विचारलं.

"आतून बोलल्या ना. तुम्हीच असाल..."

संध्याकाळी परत तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दोन टकटक, आणि नानांचं ताट पुसलेलं. सासूबाईंच्या ताटातला घास त्यांनी उचलला, तर हात असा हालायचा की घास तोंडापर्यंत पोचायचाच नाही. भरवायला गेलं की दातखीळ. हॉलमध्ये नेलं, तर सगळं टेबल त्यांच्या हाताकडं बघायला लागलं आणि ते तसेच उठून आले. जहाजावर अन्नाचे डोंगर, आणि हा माणूस साखरेच्या पाण्यावर. जहाजाच्या डॉक्टरला काही सापडेना.

पाचव्या दिवशी टकटक झाली आणि मागोमाग आवाज आला. बारीक, घोगरा.

"कडी कोणी लावली?"

सासूबाईंच्या हातातला चमचा पडला. आवाज त्यांनी बरोबर ओळखला होता.

नाना उठून दारापाशी गेले. दाराला कपाळ टेकवून म्हणाले, "मी लावली, माय. माझं चुकलं."

मग पावलं... घासत घासत जाणारी.

ताट रिकामंच होतं.

पुढं प्रत्येक जेवणाला तोच प्रश्न. प्रत्येक वेळी नानांचं तेच उत्तर. पोटात अन्न नाही, उभं राहायची ताकद नाही, तरी रांगत दारापर्यंत जायचे आणि कबूल करायचे. आणि सासूबाई पलंगावर बसून ऐकायच्या.

आता जे सांगतेय ते सासूबाईंनी मला एकदाच सांगितलं. गेल्या सर्वपित्रीला, गवार निवडता निवडता.

लग्नाला निघाले त्या दिवशी कडी नानांनी लावलीच नव्हती. ते गाडी काढायला बाहेर गेले होते. म्हातारी "मला बी पाचोडला न्या गं" म्हणत उंबऱ्यात आली. सासूबाईंनी तिला आत लोटलं, दार ओढलं आणि कडी घातली. चतुराबाईंना सांगायचं राहून गेलं.

"मला म्हाईत व्हतं," त्या मला म्हणाल्या. "एक शब्द बोलले असते, तर सुटले असते ते. पन जीभ उचलंना, बाई."

आठ दिवस. नवरा डोळ्यांसमोर वाळत होता, आणि ह्यांची जीभ उचलेना! ऐकताना मला त्यांचा राग आला होता. आजही येतो.

तर तो गुरुवार. नवव्या दिवशी दुपारी सासूबाई हॉलमधून दोन पोळ्या पदराखाली लपवून आणत होत्या. केबिनपाशी आल्या तर ट्रे बाहेर ठेवलेला. नानांचं ताट, त्या दिवशी पहिल्यांदाच... भरलेलं. वाफ निघत होती.

त्यांनी कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला. दार उघडेना.

परत लावलं. हिरवा दिवा. दार उघडेना.

आतून नानांचा आवाज आला. "माय, कडी काढ. माय गं..."

केबिनच्या दाराला कडी नसते. पण सासूबाईंना ती ऐकू येत होती. लोखंडाची, आतून ढकललं की खडखडणारी.

आणि मग त्यांच्या मानेला श्वास लागला. पाठीमागून. भुकेल्या पोटाचा आंबूस वास.

"कडी... कोणी लावली?"

या वेळी प्रश्न नानांना नव्हता.

पोळ्या हातातून गळाल्या. आत नाना दार खरवडत होते. 'मी' म्हणायचं होतं. एवढंच.

"त्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या लेकानं लावली, आत्याबाई."

दार लगेच उघडलं.

नाना दाराला पाठ लावून बसलेले होते. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. तासाभरापूर्वीच गेले असतील.

तासाभरापूर्वी.

नानांना इथं आणलं तेव्हा अंघोळ घालायला बद्रीनाथ होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला फक्त एक विचारलं, "त्या केबिनचं दार कसल्या रंगाचं होतं गं?" पांढरं, मी म्हणाले, फोटोत दिसतंय की. नानांच्या दहाही नखांत हिरव्या ऑइलपेंटचे कपटे होते.

आम्ही पुणं सोडून पुंडलिकनगरात राहायला आलो. म्हातारीचं ताट परत सुरू झालं होतं, सासूबाई स्वतः ठेवायच्या. मग त्यांचे हात हालायला लागले. एके दिवशी आपणहून त्यांनी बिछाना हिरव्या दाराच्या खोलीत हलवला आणि म्हणाल्या, "माझं ताट हितंच देत जा. लोकांत नगं."

मलाही ते सोयीचं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मी ताट ठेवायचे, दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "ठेवलंय हो दाराशी." भागूबाईंचं सगळं मला सासूबाईंनी नंतर सांगितलं. हे शब्द मी त्याच्या आधीपासून बोलत होते. कोणी शिकवले नव्हते.

परवा दुपारी एकला ताट ठेवलं. दोन वाजता बघितलं तर तसंच भरलेलं.

पडदा सरकवला... कडी लागलेली होती.

बद्रीनाथ कामावर गेलेले. घरात मी एकटी. मी लावली नव्हती. म्हणजे, मला आठवत तरी नाही.

कडीला हात घातला, तेवढ्यात आतून कुजबुज ऐकू आली. कोणीतरी काहीतरी विचारत होतं, घोगऱ्या आवाजात. मला शब्द कळले नाहीत.

सासूबाईंचं उत्तर मात्र स्पष्ट कळलं.

"सुनेनं," त्या म्हणाल्या. "सुनेनं लावली."

मी कडी काढली. सासूबाई पलंगावर एकट्याच बसल्या होत्या. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मी त्यांचं ताट आत दिलं, हात धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन माझं जेवण उघडलं. अर्ध्या तासापूर्वी मीच वाढून झाकून ठेवलं होतं. भात, गवारीची भाजी, भाकरी.

ताट पुसलेलं होतं. त्यात बोटांच्या रेघा होत्या.

आज तिसरा दिवस आहे.