धक्क्याखालचा आकडा

वीज गेली आणि पोरं काकांभोवती जमली. काका रेडिओ दुरुस्त करणारे. हात रिकामे झाले की तोंडाला काम मिळायचं. "खोटं वाटलं तर उठून जा," ते म्हणाले, "पण मध्येच फिदीफिदी हसायचं नाही." आणि सुरू झाले.

बंदरावर एक पट्टीवाला होता, काकांच्या चांगल्या ओळखीतला. फेब्रुवारीतल्या अमावस्येला, मंगळवारी रात्री, बॅटरीचे नवे सेल पिशवीत टाकून तो धक्क्याच्या टोकावरच्या खोलीकडे निघाला. बायको म्हणाली, "आज तरी दाजींशी भांडू नका." दाजी म्हणजे त्याचा साडू. दोघांचं काम जोडीचं.

धक्क्याच्या खांबाला आकड्यांची पट्टी ठोकलेली. साडूनं पायऱ्या उतरून पाणी कुठवर चढलंय ते वाचायचं आणि ओरडून सांगायचं. वरच्या खोलीत पट्टीवाल्यानं तोच आकडा मोठ्यानं परत म्हणायचा, मगच रेडिओवर जहाजाला कळवायचा. भरतीचा छापील तक्ता असतोच. पण त्यात चंद्र-सूर्याचा हिशेब असतो, वाऱ्याचा नसतो. छापलंय म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवणारे शहाणेच आधी बुडतात!

साडू खालच्या वाटेनं परस्पर पट्टीशी जायचा. वरच्याला तो दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. म्हणूनच पट्टीवाल्याच्या मनात फार दिवस पाल चुकचुकत होती, की हा बाबा पायऱ्या उतरतच नाही. तक्त्यातलाच आकडा ठोकून देतो.

त्या रात्री बाराच्या भरतीला एक जहाज आत यायचं होतं. सुकाणूवर पट्टीवाल्याचा सख्खा धाकटा भाऊ. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा. पट्टीवर पाच मीटरपेक्षा कमी पाणी असेल, तर जहाज त्यावर आपटून फुटणार.

खालून हाक आली. "पाच दहा!"

तक्त्यातही पाच मीटर दहा सेंटीमीटरच. पण वारा दिवसभर जमिनीकडून सुटलेला, पाणी बाहेर लोटत होता. पट्टीवाल्यानं आकडा परत म्हटलाच नाही.

"साडूभाऊ, उतरलात खाली, की गुडघे दुखतात म्हणून वरूनच?"

"पाच दहा."

"मग उजेड कसा दिसत नाही? बॅटरीसुद्धा सासऱ्यांनी द्यायची का?"

"पाच दहा."

पट्टीवाला चपापला. टोमणा मारला आणि साडूनं परतफेड केली नाही, असं लग्नापासून झालं नव्हतं.

रेडिओ खरखरला. "दादा, येऊ का आत?"

"थांब. मी स्वतः बघून येतो."

तो उतरला. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. पट्टीवर उजेड मारला.

चार ऐंशी.

"साडूभाऊ...?"

"पाच दहा..."

आवाज पाण्यातून आला. शेवटच्या पायरीच्या खालून. अगदी जवळून. आणि मग गप्प... वाट बघत असल्यासारखा. यानं आकडा परत म्हणावा म्हणून.

पट्टीवाल्यानं दात घट्ट आवळले. पाण्याकडे पाठ न करता एकेक पायरी वर चढला.

वर खोलीत कुणीतरी बोलत होतं.

त्याच्याच आवाजात.

"पाच दहा. ये आत."

त्यानं दार ढकललं. खोली रिकामी... रेडिओतून भाऊ म्हणाला, "मिळाला दादा आकडा. निघालो."

आता रेडिओवर कितीही ओरडलं, तरी भाऊ कुठला आवाज खरा मानणार? त्यानं भिंतीवरची धोक्याची लाल मशाल ओढली, पेटवली आणि धक्क्याच्या टोकाला धावला. हात भाजला तरी हलवत राहिला. काळोखात इंजिनाचा सूर बदलला. नांगराची साखळी कडकडली.

जहाज थांबलं.

तेवढ्यात रस्त्याकडून साडू आला. घामाघूम, बंद पडलेली स्कूटर ढकलत. "शिव्या मागाहून द्या. निम्म्या वाटेपासून ही घोडी ओढतोय... बरं, आकडा कुणी वाचला?"

पट्टीवाल्यानं भाजलेल्या हातानं पाण्याकडे बोट दाखवलं.

काका थांबले.

"मग?" धाकटी पुतणी पुटपुटली.

"मग काय. सकाळी रेडिओ बंद पडला, म्हणून माझ्याकडे आणला. बोलायचं बटण दाबायला अंगठा टेकतो ना, बरोबर तिथं... शिंपल्यातलं एक कालव चिकटलं होतं. खडकाला धरतं तसं, घट्ट."

"मेलेलं?"

"मी सुरीचं टोक लावलं..." काकांनी आवाज खाली आणला. "तर ते मिटलं."