मिशीतले कोरे अकरा आठवडे

पिंजरा क्रमांक चारमधली मांजरी आजही भिंतीकडे तोंड करून बसली होती. ओवी तांडेलने काचेतून आधी तिच्याकडे आणि मग वाटीकडे पाहिलं आणि नोंदपाटीवर लिहिलं, 'दिवस एकविसावा. दोन घास.' काल तीन होते.

मांजरी राखाडी होती, डाव्या कानाचं टोक तुटलेली. तीन आठवड्यांपूर्वी समुद्रभिंतीच्या पंपाच्या जाळीत अडकलेली सापडली होती. रत्नागिरीभोवती नऊ किलोमीटरची ही भिंत उभी राहिल्यापासून त्या जाळ्यांत रोज काही ना काही अडके, पण जिवंत असं क्वचितच. ही जगली. आता तिला कायमचं घर हवं होतं, आणि जनावराला घर द्यायचं की नाही हे ठरवणं हेच ओवीच्या प्रयोगशाळेचं काम होतं.

ओवी एक्कावन्न वर्षांची. अकरा वर्षांत तिने साडेसहाशे मांजरांना घरं मिळवून दिली होती आणि त्यांतल्या एकालाही ती उघड्या हाताने शिवली नव्हती. नमुन्यात आपला अंश मिसळू नये म्हणून हातमोजे, तोंडावर पडदा आणि अंगभर गंधरोधक झगा. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की हल्ली आपल्यालाही कुणाचा हात लागत नाही याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. निदान ती स्वतःला तसं सांगायची.

दार ढकलून डॉ. कियारा सोनटक्के आत आली. ही निवारा केंद्राची पशुवैद्य, मूळची अकोल्याची, दोन महिन्यांपूर्वी इथे बदली होऊन आलेली. ओवी आणि कियारा ही एके काळी बारशाला कौतुकाने ठेवलेली नावं आता चष्मेवाल्या, गुडघे धरून उठणाऱ्या बायकांची झाली होती.

"ओवी, शनिवारी होडी जाते खाडीपलीकडे," ती खुर्ची ओढत म्हणाली. "हिचं नाव तिकडच्या मांजरांच्या वसाहतीच्या यादीत टाकू की नको? अहवाल नाही आला तुझा."

"रोमलेख कालच आला. त्यातच अडलंय सगळं."

"बाई, मला आजवर नुसती प्रमाणपत्रं यायची. आतलं नीट सांग."

ओवीने पडद्यावर एक लांब पट्टा उघडला. "ही तिची गळून पडलेली मिशी. मिशी रोज थोडी वाढते. त्या दिवशी जे पोटात गेलं, अंगाला लागलेलं जे जिभेने चाटलं गेलं, त्याचा अंश त्या दिवसाच्या वाढीत कायमचा बसतो. आणि प्रत्येक माणसाच्या हाताची एक खूण असते, आपण तिला स्पर्शमुद्रा म्हणतो. घाम, कातडीवरचे जंतू, सगळं मिळून. फार चिवट असते. नीट धुतलं तरच जाते, शिजवून जात नाही, सुक्या जिन्नसात तर दोन-दोन वर्षं टिकते. म्हणजे मिशी वाचली की कळतं, मांजर कधी काय खात होतं आणि कुणाच्या हातचं."

"आणि ही काळी रेघ?"

"ताणरेघ. जनावर घाबरलेलं असलं की वर जाते, निवांत असलं की खाली. जिथे सगळ्यांत खाली, ते त्याचं घर. आपला सगळा कायदा या एका वाक्यावर उभा आहे."

पट्ट्याची सुरुवात रंगीबेरंगी होती. मासळीबाजार असावा, शेकडो हातांच्या मुद्रा एकमेकींवर चढलेल्या. मग पट्टा एकाएकी कोरा झाला होता. अकरा आठवडे एकही माणूस नाही.

"मग रानटी झाली म्हणायची," कियारा म्हणाली.

"नियम तेच म्हणतो. सलग साठ दिवस माणसाची मुद्रा नाही, तर घरात द्यायची नाही. वसाहत."

"तिथे हजारभर मांजरं आहेत, ओवी. तुटून पडतात खाण्यावर. ही इथे एकटी असून खात नाही, तिथे आठवडा काढणार नाही बघ."

"म्हणून तर होडीपर्यंतचे तीन दिवस मला हवेत. आता खालची ओळ बघ. त्या कोऱ्या काळात तिने काय खाल्लं? भात, बांगडा, कोकम, हळद, मसाला आणि तिरफळ."

"तिरफळ म्हणजे?"

"आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात घालतात. जिभेला मुंग्या येतात. आता रानटी मांजर एखादा बांगडा पळवेलही, पण त्याला तिरफळ कोण लावून देणार?"

कियारा हसली. "उकिरड्यावरचं असेल."

"उकिरड्यात शंभर हात दिसतात. इथे शून्य. माणसाने रांधलेलं जेवण आहे आणि हात कुणाचाच नाही! वर ताणरेघ बघ, तिच्या आयुष्यात इतकी खाली कधीच नव्हती."

"मग यंत्रच चुकलं. तुझाच काही अंश लागला असेल."

"माझा लागतच नाही. यंत्र माझी मुद्रा आपोआप वजा करतं. माझ्या घरच्यांचीही, कारण ती माझ्या कपड्यांवरून येते. रुजू झाले तेव्हा आईला आणून तिचाही नमुना द्यायला लावला होता. 'काय गो, मांजरांसाठी माझे हात कसले पुसता?' म्हणून भांडली होती इथे."

कियाराने हळूच विचारलं, "आईचं नाव अजून आहे त्या यादीत?"

"काढायचं राहिलंय," ओवी म्हणाली आणि तिने पट्टा मिटला.

संध्याकाळी ती घरी आली आणि चप्पल काढायच्या आधी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली. कठड्यावरची ताटली भरलेलीच होती. भात वाळून त्याला मुंग्या लागल्या होत्या. एकविसावा दिवस.

ही ताटली ओवीचं एकमेव गुपित होतं. आई मार्चमध्ये गेली. दहाव्याला पिंड ठेवून सगळे दोन तास आकाशाकडे बघत बसले, पण कावळा फिरकला नाही. उन्हाळे असे भाजायला लागल्यापासून शहरात कावळे उरलेच कुठे होते? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं आपापल्या गाड्यांकडे वळली. ओवीचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरीही आई उपाशी गेली ही बोच काही केल्या जाईना.

शेवटचे चार महिने ती आईला भात कालवून हाताने भरवायची. तीच सवय पुढे राहिली. कामावर निघण्यापूर्वी ती दोघींचा स्वयंपाक करायची, आईच्या वाटणीचा भात तिखल्यात कालवायची आणि ताटली कठड्यावर ठेवायची. पाच महिने ताटली तशीच राहिली. मग नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती घरी आली, तर ताटली लख्ख पुसलेली! ओवी तिथेच फरशीवर बसली आणि पोटभर रडली. आई जेवली होती.

त्यानंतर ताटली रोज रिकामी मिळू लागली. घरी जाण्याला अर्थ आला. ती दार उघडताना "आले गं" म्हणू लागली. आणि तीन आठवड्यांपूर्वी ते सगळं थांबलं. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. मीठ कमी झालं? बरणीच्या तळाला गेलेला आईचा मसाला पुरवून वापरतेय, त्याचा राग आला? तिने मसाला वाढवून पाहिला. ताटली भरलेलीच. आई रुसली, याहून दुसरं काही तिला सुचेना, आणि आई गेली तेव्हा वाटलं नव्हतं इतकं एकटं तिला या तीन आठवड्यांत वाटलं.

तिने ताटली उचलली. तिरफळाचा वास नाकात गेला आणि ती जागच्या जागी थांबली.

मग तिने पिशवीतून नोंदपाटी काढून पट्टा उघडला. कोरा भाग कुठल्या तारखेला सुरू होतो ते पाहायला तिला धीर होत नव्हता. तरी पाहिलं. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस. संपत होता तो मांजरी पंपाच्या जाळीत सापडली त्या दिवशी. समुद्रभिंत तर तिच्या इमारतीच्या मागूनच जात होती.

खरं सांगायचं तर तिला आधी मांजरीचा रागच आला. माझ्या आईचं जेवण खाल्लंस तू! त्या ताटलीपाशी आई कधी आलीच नव्हती. अकरा आठवडे आपण एका भुकेल्या जनावराला "आले गं" म्हणत होतो. ओवीने ताटली घासून पालथी घातली आणि न जेवता झोपली.

सकाळी मात्र तिने रोजच्यासारखा भात लावला. बांगडा केला. बरणी तिरकी करून मसाला काढला आणि सगळं डब्यात भरून प्रयोगशाळा गाठली.

कियारा आधीच येऊन बसली होती. ओवीने तिला सगळं सांगितलं, ताटलीचंसुद्धा. कियाराने पडद्यावरचा पट्टा पुन्हा उघडला.

"म्हणजे तो काळ कोरा नाहीच," शेवटी ती म्हणाली. "तिथे तू आहेस."

"असणारच. कालवलेला भात माझ्याच हातचा. यंत्राने मला रोज पुसलं, आणि ते पुसायला मीच शिकवलंय त्याला." ओवीने वजावट बंद करून पट्टा पुन्हा वाचायला लावला.

कोरा भाग भरत गेला. एक ठळक पट्टी, अकरा आठवडे अखंड. शेजारी नाव आलं, 'ओवी तांडेल'. तिला वाटलं तेवढंच होतं. पण वाचन थांबेना. ठळक पट्टीच्या खाली दुसरी उमटू लागली, बारीक आणि फिकट, पण एकही दिवस न चुकवलेली. तिच्याशेजारी यंत्राने लिहिलं, 'पल्लवी तांडेल'.

"ही कोण?" कियाराने विचारलं.

पल्लवी हे आईचं नाव. आई मार्चमध्ये गेली. ही पट्टी ऑगस्टमध्ये सुरू होत होती. यंत्र चुकलं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तिची नजर डब्यावर गेली.

"मसाला," ती म्हणाली. "गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यातला. शहरात कुणी घरी मसाला करत नाही आता, पण आईला विकतचा चालायचा नाही. मिरच्या भाजायची, कुटायची आणि उघड्या हातांनी बरणीत दाबून भरायची. चमच्याने भरलेला मसाला रुसतो म्हणायची. सुक्या जिन्नसात दोन वर्षं..." पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. ते कियाराला कालच सांगून झालं होतं.

ती उठली. हातमोजे काढले, पडदा काढला, झगाही काढून खुर्चीवर टाकला. डबा उघडून तिने भातात तिखलं कालवलं, आई शेवटी जेवायची तसा मऊ, आणि पिंजऱ्याचं दार उघडून हात तसाच आत धरला. तुटका कान हलला. मांजरीने बावीस दिवसांत पहिल्यांदा भिंतीकडे पाठ केली. अंतर ठेवून तिने हुंगलं, मग जवळ येऊन सगळा भात खाल्ला, आणि तो संपल्यावरही ओवीची बोटं चाटत राहिली. जीभ खरखरीत होती. ओवी डोळे पुसायच्या भानगडीत पडली नाही, कारण दुसऱ्या हातालाही मसाला लागला होता.

मागे यंत्राने प्रमाणपत्र छापलं. कियाराने ते मोठ्याने वाचलं, "मूळ घर सापडले. ताणरेघ किमान. घरातील माणसे, दोन." ती घुटमळली. "ओवी, हा आकडा... दुरुस्त करायला पाठवू का?"

ओवीने मनातल्या मनात बरणी तिरकी करून पाहिली. जपून वापरला तर अजून महिनाभर जाईल इतका मसाला तळाला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "तोवर ते बरोबरच आहे." आणि तिने तशाच माखलेल्या हाताने कागदावर सही केली.