लाइनमध्ये आधी कोण होतं

घडलं तसंच सांगतो. माझी मावसबहीण उत्कर्षाताई खोटं बोलत नाही. तिला कल्पनाशक्तीच नाही. ती लखनौला सीटी स्कॅन काढते.

सरोजिनी नगर. गेल्या जानेवारीतली भर दुपार, पण धुक्यामुळे दिवे लागलेले.

तिच्या सेंटरला डॉक्टर लोक चिठ्ठ्या पाठवतात. चिठ्ठीवर ‘आजाराची माहिती’ असा ऐसपैस रकाना असतो. तो रिकामा येतो. फारच हौशी डॉक्टर असेल तर ‘दुखतंय’ लिहितो.

त्या दुपारी स्ट्रेचरवर तिचे बाबाच आले.

अर्धवट शुद्धीत.

शेजारचे रमाकांतजी म्हणाले, “बिटिया, सुबह से उल्टी पे उल्टी. डॉक्टर साहब बोले, पेट का करा लो.”

चिठ्ठीवर दोनच शब्द. पोट. उलट्या.

“बाबा, काय होतंय? बोला ना.”

बाबा नुसते कण्हले.

त्यांना टेबलावर घेऊन ती काचेमागे आली. चिठ्ठी उचलली...

रकाना भरलेला होता.

अक्षर सुवाच्य होतं. ताई तिथेच घाबरली. डॉक्टरचं असणं शक्यच नव्हतं.

‘पेट नहीं, सिर. तीन हफ़्ते पहले टंकी की सीढ़ी से गिरे. बेटी डाँटेगी, इसलिए छुपाया.’

शाई ओली होती.

तिने डोक्याचा स्कॅन लावला. बटण दाबलं. मशीन हललं नाही. पुन्हा दाबलं. बाबांचा श्वास घरघरायला लागला.

आणि चिठ्ठीवर खाली आणखी एक ओळ उमटली...

‘पहले मेरा. सिर का. पिछली बार आपने पेट का कर दिया था.’

“अरे, बाबा जातील,” ताई कागदाला म्हणाली. “प्लीज, भैया. दीदी. जो भी हो.”

‘हम लाइन में पहले से हैं.’

तिने बाबांना टेबलावरून उतरवलं.

“ये क्या कर रही हो, बिटिया?”

“इनसे पहले एक पेशंट है.”

रमाकांतजींनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. मग ते बाहेर जाऊन बसले.

मशीन चालू झालं. पडद्यावर डोकं आलं. कवटीखाली रक्त साचलेलं.

मग बाबांचं. तिथेच, तसंच रक्त.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. बाबा वाचले. टंकीवर अजून चढतात.

दुसऱ्या दिवशी ताईने जुन्या चिठ्ठ्या काढल्या. नुसतं ‘पोट, उलट्या’ लिहिलेल्या एकेचाळीस निघाल्या. पोटाचे ते सगळे स्कॅन तिनेच काढलेले. एकही चेहरा आठवेना.

त्या एकेचाळीस घरी फोन लावून विचारायची तिची हिंमत होत नाही.

रिकाम्या टेबलावरच्या त्या डोक्याची फिल्म तयार आहे. नाव कोणाचं घालू, असं ती रोज त्या चिठ्ठीला विचारते...

फिल्मवरचा नावाचा रकाना रिकामाच असतो.