मधला शब्द

कागद कापायच्या यंत्रानं मास्तरच्या अंगठ्याचा घास घेतला नसता, तर तो दवाखान्यात गेला नसता. आणि दवाखान्यातल्या पाटीवरचं इंग्रजी बरोबर असतं, तर तो रुमाल गुंडाळून बाकावर गप्प बसला असता. पण पाटीवर लिहिलं होतं, 'वेट टू युवर टर्न'. मास्तर पाच मिनिटं तोंड फिरवून बसला. सहाव्या मिनिटाला उठला, खिशातलं लाल पेन डाव्या हातात धरलं, 'टू'वर काट मारली आणि वर 'फॉर' लिहिलं. लिहिता लिहिता रुमाल सुटला.

“भिंतीवर लिहायला बंदी आहे,” मागून आवाज आला.

“लिहीत नाहीये. खोडतोय.”

नर्सच्या पोशाखातल्या मुलीनं पाटीकडे पाहिलं, मग फरशीवरच्या थेंबांकडे. “यात शाई किती आणि रक्त किती?”

“शाई पाटीवर. बाकीचं माझं.”

ती हसली नाही. नुसते ओठ आत ओढून धरले... आणि मास्तरचा अंगठा दुखायचा थांबला. पाच टाके पडले, आणि म्हणे त्यानं भूलसुद्धा घेतली नाही. तो त्या ओठांकडे बघत होता.

तसा तो मास्तर नव्हताच. छापखान्यात मुद्रितं तपासायचा, म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरायचा. पण इंग्रजीतली प्रिपोझिशनं अशी काही मुठीत ठेवायचा की सगळा छापखाना त्याला मास्तर म्हणे. इन, ऑन, ॲट, टू, फॉर... शब्द मुंगीएवढे, पण हत्तीएवढं वाक्य आडवं पाडतात. लोक तर सांगत, की त्याच्या घरचं मांजर साध्या खुर्चीवर 'ऑन' बसतं, हातांच्या खुर्चीत 'इन' बसतं, आणि दाराशी आलं की 'ॲट' होऊन उभं राहतं; बोलावल्याशिवाय 'इन्टू' करत नाही.

पट्टी बांधता बांधता सिस्टरनं विचारलं, टू का नाही? मास्तरनं सांगितलं. ती म्हणाली, याच किड्यांनी माझा घात केलाय. परदेशात नर्स व्हायचं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते. ऐकण्यात पास, बोलण्यात पास, लिहिण्यात दोनदा नापास. तिकडे तिची ताई होती. आई-वडिलांमागे हिला लहानाची मोठी करणारी, आता नवरा गेलेली, पदरी दोन मुलं घेऊन दवाखान्यात पाळ्या करणारी. ताईच्याच वॉर्डात एक जागा हिच्यासाठी धरून ठेवलेली होती. तीन महिने. मग दुसरी कुणीतरी येणार होती.

मास्तरला घासाघीस कधी जमली नाही, पण त्या दिवशी जमली. मी तुम्हाला शिकवतो, तुम्ही माझ्या आईचे व्यायाम घ्या.

आईला दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला होता. हातपाय परत आले, शब्दही परत आले, पण शब्दांमधले सांधे आले नाहीत. चा, ची, वर, साठी, कडे... सगळे कुठेतरी गळून पडले. “चहा... खिडकी... मी...” ती म्हणायची, आणि मास्तर पापणी लवायच्या आत पुरं करायचा, तुला खिडकीत बसून चहा प्यायचाय. बरोबर असलं की ती मान हलवायची. चुकलं की चमचा बशीवर वाजायचा. मास्तरच्या बाबतीत तो वाजत नसे. एकदा त्यानं तिला तीन दिवस मावशीकडे ठेवलं. मावशी जिवाला जीव देणारी. पण आई 'पाणी... पाय...' म्हणाली की मावशी प्यायचं पाणी पुढं करायची. दुसऱ्या दिवशी आईनं बोलणंच सोडलं. परत आल्यावर तिला पहिला शब्द काढायला महिना लागला. तेव्हापासून मास्तर दुसऱ्या गावी मुक्कामाला गेला नव्हता, परदेश तर लांबच.

तर सिस्टर रोज संध्याकाळी यायला लागली. अर्धा तास आईच्या बोटांचा आणि जिभेचा व्यायाम, मग तासभर व्याकरण. आई खिडकीपाशी चहा घेत बसायची, कान इकडे.

“आपल्याकडे हे शब्द मागून येतात आणि चिकटून बसतात,” मास्तर शिकवायचा. “टेबलावर. खिडकीत. त्यांच्याकडे आधी येतात आणि हातभर अंतर राखून उभे राहतात.”

“म्हणजे त्यांचं लग्नाआधीचं, आपलं लग्नानंतरचं.”

मास्तरनं खडू शोधायचं नाटक केलं. खडू हातातच होता.

“सोपं आहे, सिस्टर. मराठीत 'वर' मागून येतो.”

“कुठला येतो? ताईनं माझ्यासाठी किती जणांकडे मागून पाहिलं. नाही आला.”

आईचा चहा नाकात गेला.

तीच म्हणाली एकदा, निदान इथं तरी सिस्टर म्हणू नका, दिवसभर ऐकून कान किटतात. मग काय म्हणू, त्यानं विचारलं. जगभरचे बारके बारके शब्द तुमच्याकडे आहेत, माझ्यासाठी एक सापडत नाही? मास्तरनं खूप शोधला. सापडला नाही असं नाही... जिभेवर येईना. त्यामुळे पुढचे कितीतरी दिवस तो तिला 'अहो, जरा...' एवढंच म्हणत होता, आणि ती त्याला हुबेहूब तसंच 'अहो, जरा...' म्हणून चिडवत होती. शेवटी सिस्टरच बरं ठरलं.

शिकवण्यात मास्तर असा काटेकोर, पण या खेपेला त्याची गाडी काही पुढं सरकेना. नमनालाच घडाभर तेल. एका 'इन'ला त्यानं चार आठवडे लावले. पेटीत इन, पाण्यात इन, पावसात इन, दुःखात इन. शेवटी ती वही मिटून म्हणाली, “मास्तर, महिना उलटला, आपण अजून पेटीतच आहोत.”

तो कानापर्यंत लाल झाला. त्या दिवशी 'ऑन' सुरू झालं. मोटारीत इन, बसमध्ये ऑन, त्यानं सांगितलं. जिथं अंग चोरून बसावं लागतं तिथं इन. जिथं उभं राहून चालता-फिरता येतं तिथं ऑन.

“आणि प्रेमात?” तिनं वहीतून मान न उचलता विचारलं.

“इन.”

“म्हणजे उभं राहता येत नाही.”

“नाही... आणि लवकर बाहेरही पडता येत नाही.”

“आणि कुणावर, ते सांगायचं असलं तर? ऑन?”

“'वर' चालत नाही तिकडे. 'विथ' म्हणतात. सोबत.”

ती पेन्सिल हनुवटीला लावून विचार करत राहिली. “आपण बिचाऱ्याच्या डोक्यावर चढतो, आणि ते सोबत बसतात.” मग जरा वेळानं, अगदी हळू, “सोबत बरी.”

तेवढ्यात फोन वाजला. ताईच्या धाकटीचा होता. सिस्टरनं तो स्पीकरवर टाकून वहीशेजारी ठेवला, म्हणून मास्तरलाही ऐकू गेला. मावशी, तू कधी येणार, ती पोर विचारत होती. आई हल्ली भांडी घासता घासता उभ्या उभ्या झोपते, काल कपाळ आपटलं. सिस्टर तिला म्हणाली, येते हं, येतेच. मग फोन ठेवून खूप वेळ एकाच ओळीवर रेघा ओढत बसली.

त्या दिवसापासून मास्तरनं हात आखडता घेतला नाही. टू, फ्रॉम, सिन्स, विदाउट, सगळं धडाधड शिकवलं; जणू आपल्याच हातानं एकेक दोर कापत होता. ती पास झाली. नुसती नाही, लिहिण्यात वरच्या श्रेणीत. कागद दाखवायला आली तेव्हा आईनं टाळी वाजवली, मास्तरनं 'छान, छान' असं चारदा म्हटलं.

त्याच संध्याकाळी तो तिला खाली सोडायला गेला. जिन्याच्या वळणावर ती थांबली. वर पाहिलं नाही, कठड्यावरचा रंगाचा पोपडा नखानं काढत म्हणाली, “मास्तर, कुणी एक शब्द म्हणालं ना... तर मी नाही जायची.”

मास्तरच्या तोंडात तो शब्द होता. तो जिभेनं दातांशी दाबून धरला. “खालची पायरी तुटकी आहे,” तो म्हणाला. “सांभाळून.”

निघायच्या दिवशी ती दुपारी आली. आईचे व्यायाम मोठ्या अक्षरांत लिहून आणले होते, एकेक मास्तरला करून दाखवला. दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं, आणि टाळताना सारखे एकमेकांच्या नजरेत सापडत राहिले. खाली मोटार येऊन थांबली. सिस्टर उठली, तसा आईनं तिचा हात धरला.

“सिस्टर...” आई म्हणाली. मग बोट मास्तरकडे वळलं. “मुलगा...”



आईचे शब्द जोडायला मास्तरला दोन वर्षांत इतका वेळ कधी लागला नव्हता. खाली मोटारीचं इंजिन चालू होतं. सिस्टरनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“काय म्हणतायत?”

तिचा आवाज असा काही होता, की मास्तरला वाटलं, आत्ता म्हणावं. एक अक्षर नाही तर दोन. मोटार रिकामी परत जाईल. आणि तिकडे कुणाचं तरी कपाळ पुन्हा ओट्यावर आपटेल.

“सारखी,” तो म्हणाला. “सिस्टर मला मुलासारखी, म्हणते.”

चमचा बशीवर वाजला.

“सिस्टर... मुलगा...”

“दमलीय ती.”

चमचा पुन्हा वाजला, असा की बशीचा टवका उडाला. सिस्टर मास्तरकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ आत ओढलेले होते.

“आज पहिल्यांदा चुकलात, मास्तर.”

मास्तरनं खिशातल्या लाल पेनावर हात ठेवला.

“लाल पेन मागितलं तर द्याल?”

“नाही.”

“का?”

“तिकडे एक जण उभ्या उभ्या झोपतंय.”

तिनं मान खाली घातली. आईचा हात क्षणभर गालाला लावला, मग मांडीवर ठेवून दिला, एखादी नाजूक वस्तू ठेवावी तसा. “मग राहू दे ती चूक,” ती म्हणाली, आणि गेली.

मास्तरनं खिडकीतून पाहिलं नाही. टवका उचलला, बशी धुतली, नवा चहा केला. आईसमोर ठेवला. आईनं कपाला हात लावला नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

“सिस्टर...” ती म्हणाली, सावकाश, जणू वेंधळ्या मुलाकडून धडा पाठ करून घ्यायचा होता. “मुलगा...”

“मुलाचा सिस्टरवर जीव आहे, आई.”

चमचा जागचा हलला नाही. आईनं मान हलवली, दोनदा. मग त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

“उशीर,” ती म्हणाली.

त्या शब्दाला मास्तरला काही जोडावं लागलं नाही.