सालोमीबायची सुकेळी

सालोमीबायनं हातातला कागद मास्तरांच्या मांडीवर टाकला आणि चहा नको म्हणाली. पापडीत बेनेडिक्ट मास्तरांच्या ओसरीवर येऊन तिनं चहा नाकारला, हे तीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

"मी तुमच्या शब्दावर सांगितलं, मास्तर. तुम्ही माझ्या घरातलं गुपित कम्प्युटरवर मांडलं. आनि तेपन चुकीचं."

मास्तरांनी कागद वाचलाच नाही. बाजूला बसलेल्या अश्लेषानं तो उचलला.

वसईच्या केळ्यांवरची ती साइट मास्तरांची. शाळेतून निवृत्त झाल्यावर, २००० साली, त्यांच्या माजी विद्यार्थिनीनं म्हणजे अश्लेषानंच ती बांधून दिली होती. केळ्यांच्या जाती, वाड्यांचे फोटो, राजेळी केळी वाळवून सुकेळी कशी करतात त्याची माहिती. परदेशातल्या विद्यापीठांनी तिचा दुवा दिला होता, वर्तमानपत्रांत नाव आलं होतं. फक्त अर्धवट वाळलेल्या केळ्यांचं सालोमीबाय रात्री काय करते, तेवढं त्यात नव्हतं. ते तिनं मास्तरांच्या वहीसाठी टेपवर सांगितलं होतं, नेटवर जाणार नाही या अटीवर.

आता कागदावर तिचा फोटो होता आणि खाली ओळ होती: 'अर्धवट वाळलेली केळी रात्रभर पाण्यात ठेवावीत.' आजूबाजूला वजन घटवायच्या गोळ्या आणि स्वस्त हॉटेलांच्या जाहिराती.

"चंदनसारची एक बाई आली माझ्याकडे. सहा डझन राजेळी भिजवली तिनं. सगळी नासली. भांडून गेली." सालोमीबाय उठली. "रविवारी चर्चात मिस्सा झाल्यावर गाववाले येतील. वह्या परत द्या. यापुढे तुम्हाला कोन काय सांगनार नाय."

सतरा वह्या. गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं सगळं त्यात होतं, आणि मास्तरांचा जीवही त्यातच होता.

ती गेल्यावर अश्लेषा म्हणाली, "मास्तर, हे कुणी केलं ते मी शोधते."

"नको," मास्तर म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "जाऊ दे. झालं ते माझ्या नावावर राहू दे."

तिला राग आला. माणसानं इतकंही सोशीक असू नये.

एव्हरशाईन सिटीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात जितेंद्रनं पाच मिनिटांत घोळ काय आहे ते सांगितलं. साइट बांधून द्यायचा धंदा कागदोपत्री अश्लेषाच्या नावावर, पण हातपाय जितेंद्रचे. मे महिन्यात दोघांचं लग्न ठरलं होतं.

"डोमेन संपलं होतं, अशू. साइटचं नाव दर वर्षी नव्यानं नोंदवावं लागतं. मास्तरांचं राहिलं, कुणीतरी उचललं."

"कशाला पण? केळ्यांची साइट ती."

"सात वर्षं जुनी आहे. विद्यापीठांचे दुवे आहेत. सर्च इंजिन अशा नावाला मान देतं. तिथून जाहिरातवाल्यांना दुवे दिले की ते वर चढतात. जुनी नावं विकत घेणं हा धंदाच आहे."

"मुदत संपत्येय अशी पत्रं आली असतील ना?"

"ऑफिसच्या ईमेलवर आली असतील. जाहिरातींच्या ढिगात गेली असणार. सॉरी."

"मालक कोण?"

"नाव झाकलंय. त्याचे वेगळे पैसे भरता येतात."

खाली टपरीवर चहा घेताना तिनं सहज वर पाहिलं. पाटीवर टपरीवाल्यानं 'चहा-पानी' लिहिलं होतं आणि जितेंद्रनं मागेच मार्करनं 'न'चा 'ण' केला होता. गिऱ्हाइकांचा मजकूरही तो असाच धुऊन काढायचा. तिला त्याचं कौतुकच वाटायचं.

त्या वेळी तिचा संशय ऑस्टिनवर होता. मास्तरांचा पुतण्या, आखातातून परतलेला, हाताला काम नाही. वह्यांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडेही असायची. दुसऱ्या दिवशी वाडीत तिनं त्याला गाठलं.

"ऑस्टिन, सालोमीबायची वही तू वाचलीस?"

"कशाला? लहानपनापासून तिच्या अंगनात सुकेळी चोरून खाल्लीत मी."

"मग तिचं गुपित तुला माहीत आहे."

"अर्ध्या गावाला हाय. कोन बोलत नाय एवढंच."

"साइटवरची ओळ पाहिलीस?"

तो हसला. "केळी पान्यात? अगं, तीन दिवस ऊन दाखवून सुकवायची आनि रातचं भिजवायची? आमच्यातलं शेंबडं पोर असं लिहिनार नाय."

"वही कपाटाबाहेर कधी गेली होती?"

"तूच नेली होतीस. झेरॉक्सला. आठवडाभर."

अश्लेषा वाडीतून बाहेर आली. वही आठवडाभर ऑफिसात तिच्या टेबलावर होती. टेप ऐकून ती वही तिनंच लिहिली होती, सालोमीबायच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा. आणि त्या पानावर तिनं काय लिहिलं होतं, तेही तिला आता आठवलं.

रविवारी मिस्सा आटोपून गाववाले यायच्या आत तिनं चौघांना ओसरीवर बसवलं. मास्तर, सालोमीबाय, ऑस्टिन आणि जितेंद्र. समोर टेपरेकॉर्डर. ऑस्टिन आणि जितेंद्रच्या हातात तिनं कागद-पेन दिलं. साइटवरची ओळ चुकीची आहे, हे जितेंद्रला तिनं सांगितलं नव्हतं.

"सालोमीबाय काय म्हणते ते चांगल्या मराठीत लिहा. साइटवर घालायचंय असं समजा."

जितेंद्र हसला. "परीक्षा घेतेस?"

"हो."

टेपमधून आवाज आला: "तीन दिस झाले का मग रातभर पानात ठेवायची."

दोघांनी लिहिलं. अश्लेषानं आधी ऑस्टिनचा कागद वाचला. "'रात्रभर पानात ठेवायची.'" मग जितेंद्रचा. "'रात्रभर पाण्यात ठेवावीत.'"

सालोमीबायनं कपाळावर हात मारला. "केळीच्या पानात गुंडाळायची रे बाबा."

"इथले लोक पाण्याला पानी म्हणतात," अश्लेषा म्हणाली. "म्हणून ह्यांचा 'न' दिसला की जितेंद्र 'ण' करतो. टपरीच्या पाटीवरही करतो. पण सालोमीबाय पानाला पानच म्हणत होती. ही चूक गावातला माणूस करणार नाही. गुपित हाती लागलेला आणि गावाची भाषा अशुद्ध समजणारा बाहेरचा माणूसच करेल. वही आठवडाभर माझ्या टेबलावर होती, जितेंद्र. शेजारी तुझं टेबल."

"एका शब्दावरून?"

"नाही. काल रात्रीपर्यंत ऑफिसचं ईमेल चाळलं. मुदतीची चार पत्रं आली होती. चारही उघडलेली. त्या दिवसांत मी साताऱ्याला होते, आजीजवळ. तू नाव मुद्दाम संपू दिलंस, मोकळं झाल्यावर उचललंस, जुनी पानं परत लावलीस. सर्च इंजिनला कुठेच नसलेला नवा मजकूर आवडतो, हे तूच मला शिकवलंस. तो तू वहीतून काढलास."

जितेंद्रनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "कायद्यानं मोकळंच होतं ते. मास्तर वापरत तरी किती होते? आपल्या घरासाठीच केलं, अशू."

"मालकाचं नाव का झाकलंस मग?"

उत्तर मास्तरांनी दिलं. ते आत गेले आणि बायबलमध्ये ठेवलेला घडी घातलेला कागद घेऊन आले. "नोंदणीवाल्या कंपनीकडे मी तक्रार केली होती. त्यांनी मागच्या महिन्यात नाव कळवलं."

अश्लेषानं कागद उघडला. मालकाच्या रकान्यात तिचं स्वतःचं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

जितेंद्र पुटपुटला, "ऑफिसचं सगळं तुझ्याच नावावर असतं. लग्नानंतर काय, तुझं माझं एकच."

पकडलं गेलं असतं तर तीच पकडली गेली असती. तिनं बोटातली अंगठी काढून टेपरेकॉर्डरवर ठेवली. तो ती उचलून पायऱ्या उतरला, तेव्हा फाटकातून गाववाले आत येत होते. सालोमीबाय उठून त्यांना सामोरी गेली. वह्या मास्तरांकडेच राहतील, असं तिनं तिथेच ठणकावून सांगितलं.

साइट कागदोपत्री तिच्याच नावावर होती, त्यामुळे ती मास्तरांना परत करायला तिची एक सही पुरली. सही करून झाल्यावरही ती तिथेच बसून राहिली. जितेंद्रनं फसवलं, ते एक वेळ तिला समजत होतं. त्याच्याहून दुसरंच काहीतरी सलत होतं.

"मास्तर, महिनाभर तुम्हाला वाटत होतं की हे मी केलं."

"हो."

"आणि तुम्ही सगळं स्वतःवर घेत होतात. मला एकदा विचारायचं तरी."

मास्तरांनी चष्मा काढला. "विचारणार होतो गं. रोज ठरवायचो. पण तू हो म्हणाली असतीस तर?"

सालोमीबाय आतून चार कप चहा घेऊन आली. अश्लेषानं कप घेतला, पण मास्तरांकडे पाहणं तिला काही जमलं नाही.